घरीच साखर मोजा, वहीत लिहून ठेवा



बाबासाहेबांना मधुमेह होता. अखेरपर्यंत हा आजार अंगावर घेऊन त्यांनी काम केले. स्वतः डॉक्टर असलेल्या माईसाहेब त्यांच्या औषधपाण्याकडे लक्ष देत. त्या काळी घरी रक्तातील साखर मोजण्याचे यंत्र नव्हते. लघवी तपासून अंदाज घेत. आज ग्लुकोमीटर आपल्या वस्तीतही आला आहे. पण अनेक घरांत तो कपाटात पडून असतो, असे आम्ही पाहतो.

मोजण्याची पद्धत

- हात साबणाने धुऊन कोरडे करा. बोटाला गूळ किंवा फळाचा रस लागलेला असला तर आकडा खोटाच वाढतो.
- बोटाच्या टोकावर नको, कडेला टोचा. तिथे कमी दुखते.
- एकाची सुई दुसऱ्याला वापरू नका, घरातलीच माणसे असली तरीही. त्यातून कावीळ पसरते. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका.
- पट्ट्यांची मुदत पाहा, डबी घट्ट बंद ठेवा. उन्हाळ्यात पत्र्याखाली पट्ट्या खराब होतात. घरातल्या गार, कोरड्या जागी ठेवा.

केव्हा मोजावे?

पट्ट्या महाग आहेत, म्हणून नेमक्या वेळी वापरा. सकाळी उपाशीपोटी आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी. इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टर सांगतील तितक्या वेळा. बहुतेक रुग्णांची साखर उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत असावी. तारीख, वेळ, आकडा आणि काय खाल्ले ते वहीत लिहा. डॉक्टरांना ती वही दाखवा. आकडा पाहून स्वतःच गोळी वाढवू किंवा बंद करू नका.

धोका ओळखा

घाम, थरथर, घाबरल्यासारखे होणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, अशा वेळी लगेच मोजा. आकडा ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. मोजायला यंत्र नसेल तरी साखर द्यायला थांबू नका. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. साखर ३०० च्या वर आणि सोबत उलट्या, गुंगी किंवा धाप असेल तर दवाखाना गाठा.

वर्षावासात आणि प्रवासात

अष्टशील घेणारे उपोसथाला दुपारनंतर जेवत नाहीत. इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला निघताना ग्लुकोमीटर, गोळ्या, बिस्किटे आणि साखर पिशवीत हवी. अनवाणी चालू नका. रात्री तळपाय पाहा.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात ऊसतोडीला जाणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. कारखान्यावर निघताना वही आणि औषधे सोबत न्या. तिशी ओलांडलेल्यांची मधुमेहाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईंना विचारा. विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर एकमेकांना एवढेच विचारा : या आठवड्यात वहीत आकडा लिहिला का?

नमो बुद्धाय.