‘क्लिंकंट’चं घराणं

चि. सानिका हिस,


‘हेन्री द एट्थ’ नाटकातल्या ‘क्लिंकंट’ या शब्दापुढे तू ‘चकाकणारा’ एवढंच लिहिलंस. अर्थ बरोबर आहे, पण तिथेच पान उलटू नकोस. सोयरीक जुळवताना घराणं विचारतात ना, तसं शब्दालाही विचारावं.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याचं मूळ डच ‘क्लिंकेन’, म्हणजे खणखणणे. सोनेरी धातूचा पातळ पत्रा हलला की वाजतो. त्या आवाजावरून आधी पत्र्याला नाव पडलं, मग त्याच्या झगमगाटाला. डोळ्यांना दिपवणाऱ्या गोष्टीचं बारसं कानांनी केलं! मला तर याचा फार आनंद वाटतो.

आता प्रवेश पुन्हा वाच. 1520च्या जूनमध्ये कॅलेजवळ आठवा हेन्री आणि फ्रान्सचा पहिला फ्रान्सिस भेटले. तंबूंना, पोशाखांना इतकं जरीचं कापड लागलं की त्या जागेचं नावच ‘सोनेरी वस्त्राचं मैदान’ पडलं. नाटकात नॉरफोकचा ड्यूक त्या थाटाचं वर्णन करतो. एके दिवशी फ्रेंच सोन्याने मढून येतात, ‘क्लिंकंट’ म्हणतो तो त्यांनाच. दुसऱ्या दिवशी इंग्रज असे सजतात की ब्रिटनचा जणू हिंदुस्थान होतो. हे नाटक 1613मध्ये रंगमंचावर आलं, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनी उणीपुरी तेरा वर्षांची होती. हे ध्यानात ठेवून वाचलंस की ती उपमा वेगळी ऐकू येईल.

त्या थाटासाठी सरदारांनी वतनं कर्जात घातली, अशी तक्रारही त्याच प्रवेशात आहे. आणि 1522मध्ये दोन्ही देश पुन्हा लढाईला उभे राहिले. पुढे ‘क्लिंकंट’ला खोट्या झळाळीचा अर्थ चिकटला. फ्रेंच टीकाकार ब्वालोने व्हर्जिलच्या सोन्यासमोर टासोच्या काव्याला हाच शब्द लावला.

आज इंग्रजीत हा शब्द फारसा कुणी वापरत नाही. तुझ्या निबंधात छाप पाडायला तो घालू नकोस. त्याच्यामुळे प्रवेश कसा उजळतो ते लिही. त्यानंतर ‘टिन्सेल’ शोधायला घे. तो लॅटिन ‘सिंटिला’पर्यंत, म्हणजे ठिणगीपर्यंत जातो, आणि वाटेत ‘स्टेन्सिल’ही भेटेल. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात प्रत्येक अर्थाची जुनी उदाहरणं सालांसकट असतात, ती वगळू नकोस.

दिवाळीत येशील तेव्हा तो प्रवेश मला मोठ्याने वाचून दाखव.

तुझी,
मावशी