हिंवाळ्यांत श्वापदाची चाहूल व घोड्यांचा कळप

ज्या वाचकांचीं शेतें व गोठे बोरिवली, मुलुंड किंवा अंधेरीच्या पूर्वेस रानाला लागून आहेत, त्यांस बिबळ्याची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचें क्षेत्र सुमारें १०४ चौरस किलोमीटर. तेथें व लगतच्या रानांत २०१८ सालीं स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साह्यानें केलेल्या गणतींत ४७ बिबळे आढळले. हिंवाळ्यांत दिवस लवकर मावळतो, संध्याकाळची धार काळोखांत पडते, आणि गुरें घरीं येण्याची वेळ व बिबळ्याची फिरण्याची वेळ एकच होते. याच दिवसांत घाटावरील धनगर भाताच्या मोकळ्या खांचरांत मेंढ्या बसविण्यास कोंकणांत उतरतात, आणि बिऱ्हाड वाहणारीं त्यांचीं तट्टेंही बरोबर येतात. म्हशीची रीत आपणांस ठाऊक आहे. घोड्याची निराळी आहे.

संशय येतांच मोकळ्या म्हशी एकत्र होतात, रेडकांस मध्यें घेऊन शिंगें पुढें करितात. घोड्याचा भरंवसा पळण्यावर. त्याचे डोळे डोक्याच्या दोहों बाजूंस असल्यानें मान न वळवितां त्यास बहुतेक चोहोंकडचें दिसतें. दोन्ही कान निरनिराळ्या दिशांस फिरतात. कळप निजला तरी एखादें जनावर बहुधा उभें असतें.

डेन्मार्क व स्वीडन येथील दोन संशोधिकांनीं २००८ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. घोड्यांस लांडग्याचा नुसता वास दिला असतां तीं बुजलीं नाहींत. खाणें सोडून हुंगूं लागलीं व सावध झालीं, इतकेंच. परंतु त्याच वासाबरोबर अकस्मात् आवाज केला, तेव्हां नुसत्या आवाजानें झालें असतें त्याहून त्यांच्या काळजाची धडधड अधिक वाढली. आमच्या मतें शेतकऱ्यानें ध्यानांत घ्यावें तें हेंच. वैरण पुढें असतां घोडें तोंड वर करून एकाच दिशेस कान रोंखतें व फुरफुरतें, तो खरा इशारा होय. अशा वेळीं डबे बडविणें, फटाके लावणें ही जी आपल्याकडे चाल आहे, ती घोड्यांजवळ घातक आहे. आगाडी-पिछाडीनें जखडलेलें जनावर पळूं शकत नाहीं. तें दाव्याशीं झुंजतें आणि पाय मोडून घेतें. आमच्या नोकरींत गुरांचे पंचनामे पुष्कळ लिहिले गेले. त्यांत 'दावें तुटलें' असें येई, तें कशानें तुटलें हें मात्र कोणी विचारीत नसे.

तेव्हां इशारा दिसतांच दोघांनीं कंदील घेऊन, दुरूनच शांतपणें बोलत, जनावरांकडे जावें. हिंवाळ्यांत रात्रीं पिछाडी बांधूं नये. कुंपणाच्या आंत, एका ओढीनें सुटेल अशा गांठीनें आगाडीच ठेवावी. वाऱ्याचीही नोंद असावी. वारा पूर्वेचा असेल तर बोरिवलीच्या अंगास रानाचा वास जनावरांस आधीं पोंचतो. मुलुंडच्या अंगास तो पोंचत नाहीं, तेथें घोड्याच्या कानांवरच विसंबावें लागतें.

पूर्ण वाढलेल्या घोड्यास बिबळ्याचें भय थोडें, शिंगरास फार. शिंगरूं व रेडकूं दिवेलागणीपूर्वींच दाराच्या खोलींत कोंडावें; नुसती ताटी पुरत नाहीं. उकिरडा गोठ्यापासून दूर हालवावा. या रानांतील बिबळ्यांच्या विष्ठेच्या तपासणींत पाळीव भक्ष्यांपैकीं कुत्र्याचाच भाग मोठा निघाला आहे, आणि कुत्रीं जमतात तीं उकिरड्यावर.