'म्हाडा' हा शब्द आला कोठून?

येलदरीला घरी बसून वर्तमानपत्र चाळताना 'म्हाडाच्या घरांची सोडत' असा मथळा तुम्ही वाचला असेल. 'म्हाडा' म्हणजे काय? कोणी म्हणेल, स्वस्त घर. कोणी त्याचे नाते 'माडी'शी जोडील. दोन्ही उत्तरे चूक. नुसत्या उच्चारसाम्यावरून शब्दाचे मूळ ठरवू नये, पुरावा पाहावा.

पुरावा कायद्यात आहे. 1976 च्या कायद्यानुसार 5 डिसेंबर 1977 रोजी 'महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण' अस्तित्वात आले. त्याचे इंग्रजी नाव 'महाराष्ट्र हाउसिंग अँड एरिया डेव्हलपमेंट ऑथॉरिटी'. यातील एम, एच, ए, डी, ए ही आद्याक्षरे जोडून 'म्हाडा' झाले. येथे 'अँड' गाळला आहे. उलट 'रेडिओ डिटेक्शन अँड रेंजिंग' यावरून झालेल्या 'रडार' शब्दात 'अँड'चे अक्षर घेतले आहे. म्हणजे संक्षेपाला ठराविक नियम नसतो. पूर्ण नाव शोधावेच लागते.

आता आणखी एक गंमत पाहा. एम आणि एच यांचा जोड आपल्या जिभेला परका नाही. म्हैस, म्हण, म्हातारा हे शब्द आपण रोज उच्चारतो. म्हणून 'म्हाडा' मराठीत सहज रुळला. तरी 'घोडा'चे 'घोड्याचा' होते, तसे 'म्हाडा'चे 'म्हाड्याचा' होत नाही. आपण 'म्हाडाचा'च म्हणतो. 'दादाचा' म्हणतो तसे. भाषेने शब्द घरात घेतला, पण विशेषनाम म्हणूनच!

हे जाणून उपयोग काय? पूर्ण नावात 'क्षेत्रविकास' आहे. घरे बांधण्याबरोबरच मुंबईतील जुन्या इमारतींची दुरुस्ती आणि झोपडपट्टी सुधारणा ही कामेही या प्राधिकरणाकडे आली. परभणी जिल्हा त्याच्या छत्रपती संभाजीनगर मंडळात येतो. शिवाय 'प्राधिकरण' म्हणजे कायद्याने नेमलेली संस्था. सोडतीसाठी ती दलाल नेमत नाही. तेव्हा 'म्हाडाचे घर मिळवून देतो, आधी पैसे द्या' असे कोणी सांगू लागला, तर घरातील मोठ्यांना वेळीच सावध करा.

स्वाध्याय : 'सिडको' या नावाचा विस्तार शोधा. त्यात 'अँड'ला अक्षर मिळाले आहे काय? शेवटचा 'को' कोणत्या शब्दाचा?