मीटरच्या आकड्यांमागील अर्थ

म्हैसूरचे विजेशी असलेले नाते फार जुने आहे. कावेरीवरील शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्रातून १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज मिळू लागली. त्याच म्हैसूरच्या हेब्बाळ, मेटगळ्ळी आणि हूटगळ्ळी या औद्योगिक वसाहतींत आज लहानमोठे कारखाने चालतात. कच्चा माल आणि पगार यांच्याप्रमाणेच वीजबिल हाही तेथील उद्योजकाच्या खर्चाचा मोठा भाग असतो. हे बिल अचानक वाढले की मीटरवर संशय घेतला जातो; कमी आले की मात्र कोणी चौकशी करीत नाही. वास्तविक दोन्ही प्रसंगी तपासणी तितकीच आवश्यक असते.

चुकीलाही हिशेब असतो

मोठ्या कारखान्याचा संपूर्ण प्रवाह मीटरमधून नेता येत नाही. करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजेच सीटी, तो प्रवाह ठरावीक प्रमाणात लहान करून मीटरला देतो. तीन फेजसाठी तीन सीटी असतात. त्यांच्या जोडणीत चूक झाल्यास मीटर निर्दोष असूनही आकडा चुकतो. मात्र तो कसाही चुकत नाही.

समजा, तिन्ही फेजवर सारखा असा एकूण ९० किलोवॅट भार आहे. प्रत्येक फेजचा वाटा ३० किलोवॅट झाला. एका सीटीची तार तुटली तर मीटर ६० दाखवील. एक सीटी उलटी जोडली गेली तर त्या फेजचे ३० वजा होऊन केवळ ३० उरतील. दोन फेजच्या सीटींची अदलाबदल झाली तर बेरीज जवळजवळ शून्यावर येईल. म्हणजे दोनतृतीयांश, एकतृतीयांश किंवा शून्य असा आकडा दिसला, तर मीटर बदलण्याआधी जोडणी तपासावी. काही आधुनिक मीटर उलट चिन्हाकडे दुर्लक्ष करून बेरीज करतात. त्यामुळे केवळ एकूण आकडा न पाहता प्रत्येक फेजचा दाब, प्रवाह, किलोवॅट आणि शक्तिगुणक स्वतंत्रपणे लिहून घ्यावा.

दुसरे ठिकाण गुणकाचे. २०० ला ५ या प्रमाणाच्या सीटीचा गुणक ४० होतो. सीटी बदलून बिलात जुनाच गुणक राहिला, तर प्रत्येक महिन्याचा हिशेब त्याच प्रमाणात चुकत जातो.

विचित्र, तरीही खरे

प्रत्येक अनपेक्षित आकडा म्हणजे बिघाड नव्हे. तीन तारांच्या जोडणीत दोन घटकांनी शक्ती मोजली जाते, तेव्हा शक्तिगुणक ०.५ पेक्षा खाली गेल्यास एका घटकाचे वाचन ऋण येते. मोटारी रिकाम्या फिरत असताना असे घडू शकते आणि तेथे जोडणी बरोबरच असते.

छतावरील सौर प्रकल्प बसविल्यानंतर असाच पेच पडतो. कारखान्याचा भार १०० किलोवॅट आणि शक्तिगुणक ०.९ असेल, तर जाळ्यातून सुमारे १११ केव्हीए घेतले जातात. सौर संचाने ६० किलोवॅट दिले की जाळ्यातून ४० किलोवॅटच लागतात. परंतु मोटारींना लागणारी सुमारे ४८ केव्हीएआर इतकी प्रतिक्रियात्मक शक्ती तेथूनच येत राहते. परिणामी जाळ्याकडील शक्तिगुणक ०.६४ पर्यंत घसरतो आणि मागणी सुमारे ६३ केव्हीए राहते. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांची आकारणी केव्हीएएच युनिटांवर होऊ लागली. अशा आकारणीत तासाला ६० युनिटांची अपेक्षित बचत ४८ युनिटांवर येते. सौर कर्जाचा हप्ता बचतीवर बेतलेला असेल, तर हा फरक आधीच हिशेबात धरावा लागतो. योग्य क्षमतेचा कपॅसिटर संच बसवून किंवा इन्व्हर्टरच्या मांडणीत बदल करून तो पुष्कळ अंशी भरून काढता येतो.

तपासणीचा क्रम

प्रथम बिलावरील गुणक आणि सीटीवरील प्रमाण ताडून पाहावे. मग परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून टाँग टेस्टरने प्रत्येक फेजचा प्रवाह मोजून मीटरच्या आकड्याशी त्याची तुलना करावी. शेवटी ज्ञात भार तासभर चालवावा. ३० किलोवॅटचा हीटर एका तासात ३० युनिटे वापरतो, इतका हा हिशेब सोपा आहे. चालू प्रवाहात सीटीची दुय्यम बाजू कधीही मोकळी सोडू नये. तेथे प्राणघातक दाब निर्माण होतो. वीज कंपनीच्या सीलबंद पेटीला तर हातच लावू नये. लेखी अर्ज देऊन तिची तपासणी कंपनीकडूनच करून घ्यावी. म्हैसूरमध्ये हा अर्ज चामुंडेश्वरी विद्युत पुरवठा महामंडळाकडे करावयाचा असतो.

कमी बिल हे उत्पन्न नव्हे

हरियाणातील एका सूत उत्पादक कारखान्याच्या बिलात २००६ ते २००९ या काळात गुणक १० ऐवजी ५ धरला गेला होता. चूक ध्यानात आल्यावर सुमारे १ कोटी ३५ लाख रुपयांची मागणी करण्यात आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०२१ च्या निकालाने ग्राहकाला दिलासा मिळाला नाही. कमी झालेल्या आकारणीची नंतर केलेली मागणी ही सेवेतील त्रुटी ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

तीन वर्षे नफा म्हणून ताळेबंदात दिसलेली रक्कम प्रत्यक्षात देणे होते. त्या नफ्यावर कर भरला जातो, विस्ताराचे बेत आखले जातात, कर्जाची मागणीही केली जाते. म्हणून उद्योजकाने दरमहा उत्पादन आणि युनिटे यांचे प्रमाण एका वहीत नोंदवावे. कर्जप्रस्ताव पाहणाऱ्या शाखाधिकाऱ्यानेही वीजबिले केवळ पत्त्याचा पुरावा म्हणून न पाहता हे प्रमाण तपासावे. उत्पादन तेवढेच राहून युनिटे एकाएकी अर्ध्यावर किंवा एकतृतीयांशावर आली असतील, तर अभिनंदन करण्यापूर्वी सीटीची जोडणी आणि गुणक तपासून घेणे उभयतांच्या हिताचे ठरेल.