चोरून खाणाऱ्यांनो, आधी उपाशी राहणं थांबवा

घरचे झोपल्यावर डबे उघडून खाणाऱ्या आणि सकाळी त्याच लाजेनं दिवसभर उपाशी राहणाऱ्या माणसांसाठी हे लिहितो आहे. ही हाव नाही. हा आजार आहे, त्याला नाव आहे आणि त्यावर उपचार आहेत.

आमच्या ठाण्यातल्या बाळकुममध्ये हळदीच्या मांडवात आग्रह करकरून वाढतात. तिथं मी चार घास खाऊन उठायचो. चारचौघांत कमी खाणारा म्हणून माझं कौतुक व्हायचं. खरं खाणं रात्री चालायचं. पाकीट हातानं फाडलं की आवाज होतो, म्हणून कात्रीनं हळूच कापायचो. फरसाण, पाव, बिस्किटांचे पुडे, फ्रीजमधला गार भात, जे हाताला लागेल ते. चव कळत नसे. पोट दुखायला लागलं तरी हात थांबत नसे. रिकामी पाकिटं ऑफिसच्या बॅगेत भरून सकाळी कापूरबावडीच्या कचराकुंडीत टाकायची, हे ठरलेलं.

या आजारानं वजन वाढलं, पण ते नुकसान सगळ्यात लहान. ॲपवरच्या ऑर्डरींत घरखर्चाचे पैसे जाऊ लागले. मी फोन लपवतो म्हणून बायकोला भलताच संशय आला. मुलाच्या डब्यासाठी आणलेला खाऊ सकाळी सापडत नसे. घरात चौकशी सुरू झाली की मी मान खाली घालून बसायचो. रात्रभर छातीत जळजळ, सकाळी अंग जड, ऑफिसला उशीर आणि साहेबांना सांगायला माजिवड्याची कोंडी. लग्नं, बारशी, मित्रांच्या भेटी एकेक करून टाळल्या. पुढं रक्तात साखर निघाली. हे सगळं होईपर्यंत मनातलं बोलायला माणूस उरला नव्हता.

साखरेच्या निमित्तानं गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "रात्री जास्त खाल्लं की दुसऱ्या दिवशी काय करता?" मी म्हणालो, "उपास." ते म्हणाले, "मग रात्री पुन्हा तेच होणार."

याचा पुरावा जुना आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. मन खंबीर म्हणून निवडलेली ही माणसं. तरी त्यांना अन्नाशिवाय दुसरं काही सुचेना. पोटभर जेवण मिळू लागल्यावर त्यांतले काही जण पोट गच्च भरलं तरी थांबू शकत नव्हते. शरीराला उपासमार कळते, तिचं कारण कळत नाही. चतुर्थी असो, डाएट असो किंवा स्वतःला दिलेली शिक्षा असो, आधीच या चक्रात सापडलेल्याला ती आणखी खोल ओढते. सगळ्यांचा आजार डाएटमधूनच सुरू होतो असं नाही. कुणाच्या मागं नैराश्य असतं, कुणाच्या लहानपणची टोमणेबाजी. चक्र मात्र बहुतेकांचं असंच फिरतं.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी अशा खाण्याचं वर्णन १९५९ मध्ये केलं होतं. बिंज इटिंग डिसऑर्डर म्हणून त्याला निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेत स्वतंत्र जागा मिळाली २०१३ मध्ये. सणाला चार पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या, तो हा आजार नव्हे. तीन महिने, सरासरी आठवड्यातून एकदा तरी, थोड्या वेळात भरमसाट खाणं आणि ते आवरता न येणं, ही मुख्य खूण. त्याच्या जोडीला भूक नसताना खाणं, भराभर खाणं, लाजेपोटी एकट्यानं खाणं, नंतर स्वतःची किळस वाटणं. खाऊन मुद्दाम उलटी काढत असाल किंवा जुलाबाची औषधं घेत असाल, तर तो वेगळा आणि शरीराला जास्त धोक्याचा आजार; तिथं एक दिवसही थांबू नका.

मला उपयोगी पडलं ते सांगतो. तीन वेळा जेवण आणि मध्ये दोनदा थोडं खाणं, भूक असो नसो, ठरल्या वेळी. रात्री काहीही झालं असलं तरी सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर या वेळा डॉक्टरांना विचारूनच ठरवा. वहीत कॅलरी लिहू नका. काय खाल्लं, कुठं, आणि त्याआधी मनात काय चाललं होतं, ते लिहा. माझ्या वहीतून दिसलं की ऑफिसात बोलणी खाल्लेली संध्याकाळ आणि रिकामं पोट एकत्र आलं की रात्र बिघडते. मानसोपचारात कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी या आजारावर चांगली लागू पडते. काहींना औषधही लागतं. ते मनोविकारतज्ज्ञच ठरवतील.

घरच्यांनो, डब्यांना कुलूप लावू नका, ताटावर नजर ठेवू नका, वजनावरून बोलू नका. "किती खातोस!" यापेक्षा "चल, बरोबर जेवू" हे वाक्य औषधासारखं काम करतं.

मदत लांब नाही. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था ठाण्यातच आहे. प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथं जाणं म्हणजे भरती होणं नव्हे. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. जगावंसंच वाटत नसेल तर आत्ता लावा.

मी अजून पूर्ण मोकळा झालेलो नाही. कधीतरी रात्र बिघडते. पण सकाळी मी पोहे खातो आणि बायकोला सांगतो. तुम्हीही आज एका माणसाला सांगा आणि उद्या सकाळी नाश्ता करा. या दोन गोष्टींपासूनच उपचार सुरू होतात.