पुन्हा श्रीगणेशा

आयुष्याची पस्तीस वर्षे मी मुलांना शिकवण्यात घालवली. साठी उलटल्यावर मला जपानी लिपी शिकण्याची हौस वाटली आणि मी पुन्हा एकदा पाटीपेन्सिल घेऊन बसलो.

जपानी भाषा लिहिताना तीन प्रकारची चिन्हे योजतात. चीनमधून आलेली अर्थवाहक चिन्हे म्हणजे कांजी. उच्चार दाखवणाऱ्या दोन लिप्या म्हणजे हिरागाना आणि काताकाना. या दोहींना मिळून ‘काना’ म्हणतात. प्रत्येकीत आज ४६ मूळ अक्षरे आहेत. चिनी चिन्हे भरभर लिहिता लिहिता हिरागानाची वळणदार अक्षरे घडली. तर त्याच चिन्हांचे तुकडे उचलून काताकानाची कोनदार अक्षरे सिद्ध झाली. परदेशी शब्द आज बहुधा काताकानात लिहितात. विद्वान पुरुष चिनी लेखनाचा अभिमान बाळगीत, त्या काळी हिरागाना ही ‘स्त्रियांची लिपी’ मानली जाई. परंतु अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबू या विदुषीने याच लिपीच्या आधारे ‘गेंजी मोनोगातारी’ ही कादंबरी लिहिली आणि ती जपानी वाङ्मयाचे भूषण ठरली.

मी हिरागानापासून आरंभ केला. आपल्या बाराखडीत ‘क’ ओळखला, की मात्रा-वेलांटीने ‘के’, ‘की’ आपोआप वाचता येतात. कानात तशी सोय नाही. ‘का’ आणि ‘कि’ यांच्या आकारांत काहीच साम्य नसते. प्रत्येक अक्षर निराळे लक्षात ठेवावे लागते. त्यातच काही अक्षरे जुळ्या भावंडांसारखी! ‘इनु’ म्हणजे कुत्रा. मी तो शब्द आठ दिवस ‘इमे’ असा वाचीत होतो. कारण ‘नु’ आणि ‘मे’ जवळजवळ सारखेच दिसतात. शेवटी दोन्ही अक्षरे शेजारी लिहून निरखली, तेव्हा उमगले, की ‘नु’च्या शेवटी एक लहानशी गाठ आहे, ‘मे’ला ती नाही.

त्या क्षणी मला माझ्या पहिल्या वर्गातील एक मुलगा आठवला. तो ‘घ’च्या जागी ‘ध’ लिही. ‘‘तुझे लक्ष कोठे असते?’’ असे म्हणून मी त्याला रागावत असे. तो मान खाली घाली आणि पुन्हा तीच चूक करी. ‘घ’ची शिरोरेषा अखंड असते व ‘ध’ची तुटलेली, हे त्या अक्षरांवर बोट ठेवून मी त्याला एकदाही दाखवले नव्हते. लक्ष त्याचे नव्हे, माझे उणे पडले होते.

मग एके दिवशी अक्षरांचा तक्ता मोठ्याने म्हणताना मी थबकलो. आ, इ, उ, ए, ओ. नंतर का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम तर माझ्या ओळखीचा! बौद्ध धर्माबरोबर संस्कृत ग्रंथ आणि ते लिहिण्याची सिद्धम् लिपी चीनमार्गे जपानात पोहोचली. त्यांच्या अभ्यासातून तेथील भिक्षूंना हा वर्णक्रम गवसला. ‘प’च्या जागी ‘ह’ का, असे कोणी विचारील. त्या अक्षरांचा उच्चार प्राचीन काळी ‘प’सारखा होता, असे भाषापंडित मानतात. त्याची खूण आजही दिसते: ‘हा’च्या डोक्यावर उजवीकडे दोन बारीक रेघा दिल्या, की ‘बा’ होतो, लहान वर्तुळ दिले, की ‘पा’ होतो. अक्षरांचे आकार चीनकडून आलेले, क्रम संस्कृताकडून आलेला आणि भाषा मात्र जपानची स्वतःची!

आता मी ‘यामा’ म्हणजे डोंगर, ‘कावा’ म्हणजे नदी, असे शब्द अडखळत वाचतो. शेजारची एक लहान मुलगी कधी कधी आपली पाटी घेऊन माझ्याकडे येते. तिचे अक्षर चुकले, की मी रागावत नाही. दोन्ही अक्षरे शेजारी शेजारी काढतो आणि विचारतो, ‘‘बाळ, यांत फरक कोठे आहे, तो तूच शोध पाहू!’’

शब्दार्थ
अर्थवाहक – अर्थ सांगणारा. साम्य – सारखेपणा. शिरोरेषा – अक्षराच्या माथ्यावरील रेघ. थबकणे – एकाएकी थांबणे.

प्रश्न
१. हिरागाना व काताकाना या लिप्या कशा घडल्या?
२. बाराखडी आणि काना यांत लेखकाला कोणता फरक जाणवला?
३. ‘लक्ष त्याचे नव्हे, माझे उणे पडले होते,’ असे लेखक का म्हणतो?
४. जपानी वर्णक्रम आपल्या वर्णमालेसारखा का आहे?