टायर घेताना आधी आपला रस्ता आठव

अगं, परवा रात्री तुझा फोन ठेवला आणि बराच वेळ डोळ्याला डोळा लागला नाही. महिन्याभरात चौथं पंक्चर, तेही सकाळी साडेसहाला, येडशीच्या अलीकडे, आणि तू एकटी. ‘ताई, विकूनच टाकते ही सायकल,’ म्हणालीस तेव्हा आवाज रडवेला झाला होता तुझा. विकायची नाही. सायकल चांगली आहे, तिच्या पायात आपल्या रस्त्याच्या चपला नाहीत एवढंच. ते आपल्याला बदलता येतं.

आधी मनातलं बोलते. एखाद्या पोराची सायकल पंक्चर झाली तर घरी कुणाला कळतही नाही. तुझी झाली की संध्याकाळी तुझ्या सायकलचा विषय निघतो. ‘एवढ्या पहाटे जायचंच कशाला’पासून सुरू होतं आणि ‘बंद कर आता’वर येतं. मी यातून गेले आहे. आठवीत मला सरकारच्या मानव विकास योजनेतून सायकल मिळाली तेव्हा गावापासून शाळेपर्यंतचा रस्ता पहिल्यांदा माझा झाला होता. ती सायकल जड होती, पण तिचे जाड टायर खडी, चिखल, गाडीवाट सगळं तुडवत जायचे. पुढे मी हलकी सायकल घेतली आणि तुझ्यासारखीच रस्त्याच्या कडेला बसायला लागले. म्हणून सांगते, तुझ्यासाठी टायर ही हौसेची गोष्ट नाही. रोज वेळेवर घरी परतणारी सायकल असेल तरच तुझं फिरणं टिकेल.

तू पाठवलेले फोटो मी मोठे करकरून पाहिले. चार पंक्चरं झाली, पण सगळीच काट्यांची नाहीत. पहिल्या दोन ट्यूबवर शेजारीशेजारी दोन बारीक चिरा आहेत, साप चावल्यासारख्या. त्या काट्याच्या नसतात. चाक खड्ड्याच्या कडेवर आपटतं, टायर दबतो आणि ट्यूब रिम नि रस्ता यांच्यात चिमटते, तेव्हा तशा चिरा पडतात. तूच म्हणालीस की हात बधिर होतात म्हणून हवा कमी केली होती. २३ मिलिमीटरचा टायर, त्यात हवा कमी, आणि रस्ता आपला. चिमटणारच.

टायरच्या बाजूवर बघ, ७००×२३सी असं लिहिलंय आणि जवळच कुठेतरी २३-६२२. त्यातला ६२२ हा आकडा पाठ कर. टायर रिमवर जिथे बसतो तिथला तो व्यास आहे, मिलिमीटरमध्ये. नवीन टायरवर हाच आकडा असला पाहिजे. गावातल्या दुकानात साध्या काळ्या सायकलचा २८ इंची टायर मिळतो तो ६३५चा, आणि जुन्या २६ इंची गिअरच्या सायकलचा ५५९चा. दोन्ही तुझ्या रिमवर बसणार नाहीत. कुणी ‘बसवून देतो’ म्हणालं तरी घेऊ नकोस. पहिला आकडा, म्हणजे रुंदी, मात्र आपल्याला वाढवायची आहे.

किती वाढवायची ते तुझी सायकल सांगेल. सध्याच्या टायरच्या दोन्ही बाजूंना आणि वर ब्रेकच्या खाली किती जागा आहे ते मोज. नवीन टायर बसल्यावर सगळीकडून ४ मिलिमीटर तरी मोकळे राहिले पाहिजेत. ४ नंबरची अ‍ॅलन की मधून सहज फिरली की समज झालं. आपल्याकडे काळी माती आहे, हे विसरू नकोस. जूनमध्ये शेतरस्त्याचा चिखल टायरला थापला जातो आणि जागा कमी असेल तर चाक ब्रेकखाली अडकून बसतं. रिमवर ब्रेक लागणाऱ्या जुन्या रोड सायकलीत बहुतेक वेळा २५ किंवा २८ बसतो. २८ बसत असेल तर २८च घे. पुढेमागे डिस्क ब्रेकची सायकल घेतलीस तर ३२च्या खाली उतरू नकोस. बारीक टायर जोरात पळतो हा समज गुळगुळीत रस्त्यावरच्या लोकांचा. खडबडीत रस्त्यावर कडक बारीक टायर प्रत्येक खड्याला उडतो आणि तुझी ताकद पुढे जाण्याऐवजी उडण्यात जाते. रुंद टायर खडा आपल्या पोटात घेतो.

हवेचंही ऐक. तुझं वजन पंचावन्न किलोच्या आसपास. २८च्या टायरला मागे ७० पीएसआयच्या जवळपास आणि पुढे पाचेक कमी, इथून सुरुवात कर आणि चार दिवस चालवून थोडं वरखाली करून बघ. टायरवर छापलेला सर्वांत मोठा आकडा ही मर्यादा आहे, तेवढी हवा भरायचीच असं नाही. अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नकोस, दाब दाखवणारा काटा असलेला पंप घे. बारीक ट्यूबची हवा आपोआप उतरते, त्यामुळे दर दोनतीन दिवसांनी पंप जोडायचाच.

आता तिसरं पंक्चर. ते सराट्याचं होतं. फोटोत काट्याचं टोक स्पष्ट दिसतं. सराटा तू लहानपणापासून पायातून उपटत आली आहेस, पण एकदा हातात घेऊन नीट बघ. वाळला की त्या फळाच्या फाकी सुट्या होतात आणि प्रत्येक फाकीला टणक काटे असतात. कशीही पडली तरी एखादं टोक वर राहतंच. पावसाळा संपला की दिवाळीच्या आगेमागे रस्त्याच्या कडा त्यांनी भरून जातात. पण सराट्याचा काटा आखूड असतो, आणि इथेच चांगला टायर कामाला येतो. टायरच्या रबराखाली एक संरक्षक पट्टा असतो. तो पट्टा जाड किंवा घट्ट विणीचा असेल तर सराट्याचं टोक ट्यूबपर्यंत पोचतच नाही. काचेच्या बारीक कपच्यांचं तेच. हायवेच्या कडेला ट्रकचे टायर फुटलेले असतात, त्यातल्या केसासारख्या पोलादी तारांनाही हा पट्टा बराच रोखतो.

बाभळीचं मात्र वेगळं आहे. बाभळीचा पांढरा काटा बोटाएवढा लांब असू शकतो आणि सरळ उभा घुसला तर त्याला अडवेल अशी खात्री मी कुठल्याच टायरची देणार नाही. शेताला कुपाटी करायला लोक काटेरी फांद्या तोडून ओढत नेतात, रस्त्याच्या कडेची वेडी बाभूळ तोडली जाते, शेळ्यांसाठी डहाळ्या पाडल्या जातात. त्याच्या मागे जो कचरा राहतो त्यावर उपाय डोळ्यांचाच. ताजी तोड दिसली की उतरायचं, सायकल उचलायची, पुढे ठेवायची. यात कमीपणा नाही. मी आजही तेच करते.

पट्ट्यासाठी जे धागे वापरतात त्यांत केव्हलारचं नाव तू सगळीकडे ऐकशील. तो धागा १९६५ मध्ये अमेरिकेत ड्युपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी शोधला, आणि त्या वेळी त्यांच्या गटाला हवा होता तो गाडीच्या टायरसाठीच हलका नि मजबूत धागा. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. पण दुकानात या नावाला भुलू नकोस. पुष्कळ टायरवर केव्हलार लिहिलेलं असतं ते फक्त कडेच्या दोरीबद्दल, म्हणजे टायर घडी घालता येतो एवढाच त्याचा अर्थ. काट्याशी त्याचा संबंध नाही. दुकानदाराला सरळ विचार, ‘पट्टा आहे का, आणि तो फक्त मध्ये आहे की बाजूंपर्यंत?’ बाजूंपर्यंत का, तर आपल्या रस्त्यांवरची खडी काळ्या पाषाणाची. डांबर उखडलं की तिच्या धारा वर येतात आणि टायरची बाजू चिरतात. नळदुर्गच्या रस्त्यावर माझा टायर असाच बाजूने फाटला होता. दहाची नोट चौघडी करून आत घातली, हवा कमी भरली आणि हळूहळू घरी आले. नोट अजून ठेवली आहे.

नावंच सांगायची तर कॉन्टिनेंटलचा गेटरस्किन तुझ्यासाठी मला योग्य वाटतो. तो रोड सायकलसाठीच केलेला आहे, २८मध्ये मिळतो, आणि त्याच्या बाजूंनाही संरक्षक कापड आहे. त्याचं रबर टणक, म्हणून टिकतो. मात्र ओल्या रस्त्यावर तो घट्ट धरत नाही. पावसात तुळजापूरचा घाट उतरताना वळणाआधीच वेग कमी करायचा, हे मला वचन दे. श्वाल्बेचा मॅरेथॉन प्लस काट्यांच्या बाबतीत त्याच्याही वरचढ. आत चांगला ५ मिलिमीटरचा रबरी पट्टा आहे. शहरात रोज नोकरीला जाणाऱ्या बाईला मी डोळे झाकून तोच सांगेन. पण त्याच रुंदीच्या गेटरस्किनपेक्षा तो दुपटीहून जड आहे, आणि इतका ताठ की रिमवर चढवताना भल्याभल्यांचे अंगठे सोलतात. रस्त्यात एकटीला काढता-घालता येणार नसेल तर तो टायर तुझ्या कामाचा नाही. कॉन्टिनेंटलचाच ग्रँड प्रिक्स ५००० वेगवान आहे, लोक त्याची फार तारीफ करतील, पण तो शर्यतीचा टायर. आपल्या खडीवर त्याच्या पातळ बाजूंवर माझा भरवसा नाही. आणि टायरवर नक्षी नाही म्हणून तो घसरेल अशी भीती बाळगू नकोस. डांबरावर गुळगुळीत टायर चांगलाच धरतो, उलट खोल खाचांत खडे अडकतात.

ट्यूबलेसचं विचारलं होतंस. सध्या नको. आतलं द्रव आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतं, दर दोनतीन महिन्यांनी भरावं लागतं, आणि मोठी चीर पडली तर तेरमधल्या पंक्चरवाल्याला त्यात काही करता येणार नाही. जुन्या ट्यूबची पट्टी आत घालायचा गावठी उपाय मी करून पाहिलाय. थोडे दिवस चालतो, मग तिच्या कडाच ट्यूबला घासतात.

चौथ्या पंक्चरचं मला सगळ्यात वाईट वाटलं, कारण ते तिसऱ्याचंच उरलेलं होतं. दुकानात ट्यूबला ठिगळ लागलं, पण टायरमध्ये मोडून राहिलेलं काट्याचं टोक कुणी काढलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा भोक. म्हणून हे काम तू स्वतः शिकायचं. टायर बसवताना त्यावरचं कंपनीचं नाव बरोबर वॉल्वपाशी येईल असं बसव. मग पंक्चर झालं की ट्यूबला हवा भरून भोक शोधायचं, ट्यूब टायरला लावून धरायची, म्हणजे टायरमध्ये कुठे बघायचं ते लगेच कळतं. तिथे आधी बोट घालू नकोस, तारेने कापेल. ओढणीचं टोक आतून सगळीकडे फिरव, टोक असेल तिथे धागा अडकतो. ते चिमट्याने काढ, भोकाशेजारचा भाग पुन्हा एकदा तपास, आणि मगच नवी ट्यूब घाल. फाटकी घरी आणून शांतपणे ठिगळ लाव.

सोबत दोन ट्यूब, दोन प्लास्टिकचे टायर लिव्हर, छोटा पंप, चिमटा आणि टायर चिरला तर आतून लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा. आणि एक पितळी अ‍ॅडॉप्टर. तुझ्या ट्यूबचा वॉल्व बारीक आहे. पेट्रोल पंपावरची नळी किंवा गावातला पंप त्याला थेट लागत नाही. ही वस्तू शेंगदाण्याएवढी असते आणि नेमकी हवी तेव्हा नसते, म्हणून वॉल्वलाच फिरवून ठेव.

घरी आल्यावर दोन मिनिटं दे. चाक हळू फिरव, टायरमध्ये रुतलेले खडे, काचा टोकदार वस्तूने काढून टाक. त्या पहिल्याच दिवशी आत जात नाहीत, रोज थोड्या थोड्या सरकतात. पावसात जास्तच जप, ओलं रबर लवकर कापलं जातं. सायकल उन्हात उभी करू नकोस, टायरच्या बाजूंना भेगा पडतात. मागचा टायर आधी झिजेल, कारण वजन त्याच्यावर. तेव्हा पुढचा मागे घाल आणि नवा पुढे. पुढचा टायर कधीही झिजका नको, पुढचं चाक घसरलं तर सावरता येत नाही.

नवरात्रात तुळजापूरच्या रस्त्याला जाऊ नकोस. पायी येणारी माणसं अनवाणी असतात, त्यांच्यात सायकल घालायची नाही. तेव्हा तेरकडे जा. ऊस सुरू झाला की अंधारात निघू नकोस, ट्रॉलीच्या मागे दिवा असेलच असं नाही.

आईला मी बोलले आहे. ती म्हणाली, ‘तिला पंक्चर काढता आलं की माझी हरकत नाही.’ येत्या रविवारी मी सोलापूरहून टायर घेऊन येते, अंगणात बसून तुझ्याकडून तीनदा काढून-घालून घेणार आहे. तू उद्या सकाळी एवढंच कर, ब्रेकखालची आणि दोन्ही बाजूंची जागा पट्टीने मोज आणि मला तीन आकडे कळव.